‘मामा, सप्पळ बराकत्तैति!’

आमच्या घरात दोन भाषा चालतात आणि दोन्हींतून माझ्यावर एकच आरोप होतो, की हा माणूस ऐकत नाही. सौभाग्यवती तो मराठीतून करते, सूनबाई धारवाडची, ती कानडीतून करते. चिरंजीव दोन्हींतून करतात. मराठीत ‘ऐकत नाही’ या शब्दांना दोन अर्थ आहेत. मी आयुष्यभर पहिलाच अर्थ धरून चाललो, म्हणजे हा माणूस कुणाचे मानत नाही. त्यात थोडा अभिमानही होता, खोटे कशाला बोलू?

एकदा सूनबाईने सक्री आणायला सांगितली आणि मी पाच किलो अक्की घेऊन आलो. घरात तांदळाचे पोते होतेच. ‘मामा, सक्री अंदिद्दे’ असे म्हणून ती हसली. दोन भाषांच्या घरात असे व्हायचेच, असे म्हणून मीही हसलो. तो प्रसंग तिथेच संपला असे वाटले होते.

आता गाडीचे सांगतो. माझी उभी हयात उद्यमबागेत गेली. ओतकामातून आलेले बिडाचे भाग लेथवर चढवून मापात आणायचे हा माझा धंदा. चाळीस वर्षांत पंपाच्या बॉड्या, पुल्या, ट्रॅक्टरचे ब्रेक ड्रम, काय काय म्हणून चढवले त्याची गणती नाही. आमच्या शेडमध्ये मशीन बिघडले की कामगार मला बोलावत. मी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून सांगत असे, हे नव्हे, पलीकडचे बेअरिंग गेले आहे. बहुतेक वेळा तेच निघे. सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले, तेव्हा या मातीला कान आहे, असा विनोद मी स्वतःविषयी करत असे. विनोद म्हणजे काय, मनातून खरेच मानत होतो.

त्या कमाईतून एकच चैन केली. २००६ साली फोंड्याच्या एका गृहस्थांकडून लाल रंगाची सॅन स्टॉर्म जुनी घेतली. नव्या पिढीला हे नाव ठाऊक नसेल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या शेजारी गोव्यातच बनलेली ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स कार. फायबरग्लासची बॉडी, वर कापडी छप्पर, रेनॉचे १.२ लिटरचे साठ अश्वशक्तीचे इंजिन. फेरारीवाल्यांनी हसावे इतकीच ताकद, पण गाडी हलकी आणि जमिनीलगत. जांबोटीच्या रस्त्यावर छप्पर उघडून चाललो की पन्नासच्या वेगाला शंभराचा आनंद. आता ही गाडी तयार होत नाही. सुटे भाग शोधायचे म्हणजे वधूसंशोधनासारखे, मापे जुळवत फिरावे लागते. मी सगळे काम स्वतः करतो, दुसऱ्याचा हात लावू देत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये सूनबाईला टिळकवाडीला गाण्याच्या क्लासला सोडायला निघालो होतो. ती लहानपणापासून हिंदुस्थानी गायकी शिकलेली. शहापूरच्या बोळातून बाहेर पडतो न पडतो तोच ती म्हणाली, ‘मामा, सप्पळ बराकत्तैति. चाकातनं.’

मी कान दिला. इंजिनची घरघर, छपराच्या कापडाची फडफड, समोरच्या रिक्षाचा आवाज, सगळे नेहमीचे. ‘इल्ल,’ मी म्हणालो. ‘पावसाळ्यात थोडे होते ते.’

हे मी उगाच सांगितले नव्हते. ब्रेकची डिस्क बिडाची असते. पावसात गाडी रात्रभर उभी राहिली की तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो आणि सकाळी पहिल्या चार-सहा ब्रेकला ती खरवडते. थर निघून गेला की आवाज बंद. त्यासाठी गॅरेजमध्ये पैसे घालवणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणून सांगतो, सकाळचा आवाज चौकापर्यंत थांबला तर त्याला विसरून जा.

पण हा आवाज चौकात थांबला नाही. म्हणजे सूनबाईच्या मते थांबला नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी मी तिला तेच प्रश्न विचारले जे अशा वेळी कुणालाही विचारतो. चाकाच्या आवाजाचे निदान हत्यारांनी होण्याआधी प्रश्नांनी होते, डॉक्टरांचे होते तसेच. ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबता? वेगाबरोबर वाढतो का? वळणावर बदलतो का? घर्रर्र आहे, टकटक आहे की कुईं?

ती म्हणाली, ‘न दाबता येतो. वेग वाढला की जलद येतो. हलका ब्रेक दाबला की बंद. आणि सूर फार वरचा आहे, मामा. माझ्या षड्जाच्या किती सप्तके वर, सांगता येत नाही.’

वाचकहो, हे वर्णन एखाद्या गिऱ्हाईकाने केले असते तर मी त्याच क्षणी जॅक काढला असता. ब्रेक पॅडला एक छोटी पोलादी पट्टी लावलेली असते. पॅडचा मसाला झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती पट्टी फिरत्या डिस्कला टेकते आणि किंचाळू लागते. मुद्दाम केलेली सोय आहे ती, मालकाला कळावे म्हणून. पाय न लावता कुईं आणि पाय लावला की गप्प, हे तिचे बरेचदा लक्षण असते. ही गोष्ट मी स्वतः कितीतरी जणांना समजावली आहे. पण मला आवाजच येत नव्हता, आणि जो आवाज मला येत नाही तो नाही, असा माझा चाळीस वर्षांचा कायदा होता.

तरी मी अगदी दुर्लक्ष केले असे नाही. रविवारी चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारून पाहिले. पॅड चांगला सहा मिलिमीटर शिल्लक दिसला. नवीन असतो दहा-बाराचा, म्हणजे अर्धे आयुष्य बाकी. मग चाक उचलून वर-खाली हात धरून हलवले. खेळ नाही. हाताने फिरवले, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. बेअरिंगमध्ये खरखर असेल तर ती स्प्रिंगवरच्या बोटांना आधी कळते. काही नाही. तसेही बेअरिंगचा आवाज कुईं नसतो, तो घुमतो, विमान लांबून यावे तसा, आणि वळणावर बदलतो. उजव्या वळणावर गाडीचा भार डावीकडे जातो, तेव्हा आवाज वाढला तर डावे बेअरिंग संशयित. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक आली तर तो ॲक्सलचा बाहेरचा सांधा. यातले काही नव्हते. शेवटी डिस्कमागच्या पत्र्याच्या ढालीत अडकलेला जांभ्याचा एक खडा सापडला. खडीच्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचे. तो खडा मी तळहातावर ठेवून स्वयंपाकघरात नेऊन दाखवला. ‘हा तुझा सप्पळ.’

दोन दिवसांनी तिने सांगितले, आवाज आहेच.

आता मला राग आला. खरे सांगतो, गाडीच्या आवाजाचा नव्हे. मी या घरातला मोठा, यंत्राच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, आणि ही मुलगी हार्मोनियमच्या जोरावर मला ब्रेक शिकवते! मी म्हणालो, ‘फायबरच्या गाडीत पन्नास ठिकाणी कुरकुरते. छपराचे रबर असेल. तू गाणे बघ, गाडीचे मी बघतो.’ ती काही बोलली नाही. तिच्या घरी वडीलधाऱ्यांना उलटून बोलायची पद्धत नाही. आमच्याही नव्हती म्हणा.

गणपती ७ सप्टेंबरला होते. दरवर्षी चवथीला आम्ही साखळीला माझ्या धाकट्या बहिणीकडे जातो. नातू तेरा वर्षांचा, त्याला माटोळी बांधताना बघायची असते. रानातली ती सगळी फळे, कंद, पाने त्याला पाठ आहेत. ठरले असे, की बाकी मंडळी मोठ्या गाडीतून आणि आजोबा-नातू लाल गाडीतून चोर्ला घाट उतरणार. वर्षभर त्याला मी हे कबूल केले होते.

आदल्या आठवड्यात सूनबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘मामा, तुम्ही रागवा. पण त्या गाडीतनं मी पोराला घाट उतरू देणार नाही.’ हे ती मराठीतून म्हणाली. ती माझ्याशी एरवी कानडी बोलते. गंभीर असले की माझ्या भाषेत येते, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले.

मी जेवलो नाही. सौभाग्यवती म्हणाली, उपास सोडा, मुलगी खोटे का बोलेल? चिरंजीवांनी वाद मिटवायला तोड काढली. छप्पर उघडे टाकून कॅम्पातल्या दगडी कंपाउंडच्या भिंतीलगत गाडी हळू न्यायची. ही युक्ती मीच त्याला लहानपणी शिकवली होती. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, त्यामुळे भिंत ज्या बाजूला त्या बाजूच्या चाकांचे बोलणे स्पष्ट कळते. मग उलट फिरून दुसरी बाजू. नातू शेजारी मोबाईल धरून बसला. त्यात त्याने असे काहीतरी उतरवून घेतले होते, की येणारा प्रत्येक आवाज पडद्यावर रेषांनी दिसतो, कितीच्या कंपनाचा ते आकड्यासकट.

भिंत डावीकडे असताना नातू ओरडला, ‘अज्जा, बघा!’ पडद्यावर खालची सगळी गर्दी, इंजिन आणि टायरची, आणि तिच्यापासून लांब उजवीकडे एकच काठी उभी. ३,३०० च्या आसपास. मी ब्रेकला पाय टेकवला, काठी गेली. पाय काढला, काठी उभी राहिली. पुन्हा टेकवला, गेली.

मला काहीही ऐकू येत नव्हते.

मी गाडी थांबवली. नातवाने विचारले, ‘अज्जा, तुम्हाला हे येतच नाही?’ मी उत्तर दिले नाही. पुढे घरी येऊन कागदावर हिशेब केला. सूनबाईचा षड्ज काळी चार, म्हणजे २०८ कंपनांच्या जवळ. एकेक सप्तक वर जायचे म्हणजे दुप्पट. चार वेळा दुप्पट केले की ३,३०० च्या पुढे. तिच्या षड्जाच्या चार सप्तके वर तो आवाज तिच्याच सुराला धरून वाजत होता. म्हणून तिला तो इतका छळत होता की काय, कोण जाणे.

घरी येताच पुढचे डावे चाक उतरवले, आणि या वेळी कॅलिपरही सोडवला. बाहेरच्या अंगाचा पॅड, जो आऱ्यांतून दिसतो, तो सहा मिलिमीटर. आतल्या अंगाचा पॅड, जो चाक काढल्याखेरीज नीट दिसत नाही, तो दोनच्या खाली. सूचनेची पट्टी डिस्कला घासून आरशासारखी चकाकत होती.

कारण सरळ होते. या प्रकारचा कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पिस्टन असतो फक्त आतल्या बाजूला. तो आतला पॅड दाबतो आणि त्या प्रतिक्रियेने कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिना अडकल्या की सरकणे बंद, मग सगळा भार एकट्या आतल्या पॅडवर. माझ्या खालच्या पिनेचे रबर फाटले होते. पाणी आत जाऊन पिन गंजून घट्ट. ते रबर फाटले कधी? वर्षापूर्वी कॅलिपर मीच उघडून बसवला होता. स्क्रू ड्रायव्हरचे टोक लागल्याची खूण रबरावर स्पष्ट होती. कुणाला नावे ठेवायची सोयच नाही.

घाटात काय झाले असते? लगेच ब्रेक निकामी झाले असते असे मी म्हणणार नाही. पण चोर्ल्याच्या उतारावर, कणकुंबीच्या पावसात, पुढच्या एका चाकाचा ब्रेक असा अर्धवट, पॅड तापून आणखी झिजणारा, आणि मसाला संपला की लोखंडावर लोखंड. गाडी एका बाजूला ओढली असती. थांबायला अंतर जास्त लागले असते. शेजारी कोण बसणार होते ते वर लिहिलेच आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जुने पॅड पिशवीत घालून तीन दुकाने फिरलो, तिसऱ्याकडे आकार जुळला. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे जोडीने बदलावेत, एकाच बाजूचे नव्हेत. पिना घासून-पुसून, नवी रबरे घालून, उष्णता सोसणारे ब्रेकचे ग्रीस लावले. साधे ग्रीस नको, ते वितळते आणि रबर फुगवते. ग्रीस पिनांना आणि पॅडच्या पाठीला, मसाल्याच्या तोंडाला चुकूनही नाही. पाठीला लावण्याचे कारण, ब्रेकची कुईं ही मुळात पॅडची थरथर असते. तो डिस्कवर क्षणात चिकटतो, क्षणात सुटतो, सेकंदाला हजारो वेळा, सारंगीच्या तारेवर गज चालतो तसा. मागे ग्रीस आणि पातळ पत्रा असला की थरथर तिथेच मरते. डिस्कची जाडी मोजली, कडेला कोरलेल्या किमान मापाच्या वर होती. मागचे ड्रम उघडून आतली धूळ ओल्या फडक्याने पुसली. फुंकर किंवा हवेचा पाईप कधीच मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असे, ते छातीत जायला नको. सगळे बसवल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पायडल दहा-बारा वेळा दाबून कडक करून घ्यायचे. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिला पाय थेट तळाला जातो. हे विसरून गेटला धडकलेले दोघे तरी मला ठाऊक आहेत. मग मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसवर असे आठ-दहा मध्यम ब्रेक, मध्ये थोडी उसंत, की पॅड डिस्कला सरावतो.

चाचणीला शेजारी सूनबाईला बसवले. कॅम्पातली तीच भिंत. मी विचारले, ‘सप्पळ?’ ती डोळे मिटून बसली होती. म्हणाली, ‘इल्ल, मामा.’ मग मी तिची क्षमा मागितली. मराठीत मागितली, कानडीत मागायची हिंमत झाली नाही. ती एकदम गडबडली आणि म्हणाली, ‘अय्यो, असं काय बोलता!’ चवथीला नातू माझ्याबरोबर लाल गाडीतून गेला. घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, ब्रेकवर पाय ठेवून नव्हे.

गाडी दुरुस्त झाली, राहिलो मी. सणानंतर चिरंजीवांनी कानाची तपासणी करवली. बंद खोलीत डोक्याला यंत्र लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचे. बाहेर आल्यावर आलेख दाखवला. खालच्या सुरांची रेघ ठीक, पुढे ४,००० च्या जवळ एकदम खड्ड्यात, मग थोडी वर. तपासणाऱ्या बाईंनी विचारले, ‘काका, कारखान्यात होता का?’ त्यांनी आलेखावरून ओळखले. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम केलेल्यांचा कान आधी तिथेच जातो, आणि वयाने वरचे सूर आणखी मावळतात. त्यामुळे बेअरिंगची घरघर मला पूर्वीइतकीच येते. म्हणूनच मला कधी संशय आला नाही. शेडमध्ये कानात बोळे घालणाऱ्या पोरांना मी ‘मशीन काय म्हणते ते कळणार कसे?’ असे विचारत असे. त्यातली काही पोरे आता पन्नाशीची आहेत. दोघा-तिघांना मी फोन करून तपासून घ्यायला सांगितले.

बाईंनी आणखी सांगितले, की स, श, फ यांसारखी अक्षरे वरच्या सुरात असतात. ती गळतात, बाकीचा शब्द ऐकू येतो. मग साठचे आठ होते. मी मनात म्हटले, आणि सक्रीची अक्की.

दिवाळीनंतर कानात यंत्र बसले. पहिले आठ दिवस घरातली भांडी, वर्तमानपत्राची पाने, सौभाग्यवतीच्या बांगड्या, सगळे अंगावर येत होते. तुळशीच्या लग्नाला पुन्हा साखळीला निघालो, लाल गाडी, छप्पर उघडे, शेजारी नातू. जांबोटी ओलांडली. वारा लागू नये म्हणून मी कानटोपी ओढून घेतली आणि तेवढ्यात स्वच्छ ऐकू आले. कुईं! बारीक, सतत, डावीकडून. मी लगेच गाडी कडेला घेतली, टॉर्च काढली, गुडघ्यावर बसून डाव्या चाकाच्या आऱ्यांतून पाहू लागलो. गाडी बंद, चाक स्थिर, आणि आवाज चालूच.

नातू वरून वाकून म्हणाला, ‘अज्जा, टोपी वर करा. तुमच्या कानातलं वाजतंय ते.’